बाजारासमोरचा कोपरा

माझ्या सासूबाईंना, म्हणजे हिराबाई गंगाराम भाटकर यांना, देवानं सगळं दिलं होतं. उंची दिली, खणखणीत आवाज दिला, होडीत वाटा असलेला नवरा दिला, माझ्यासारखी सून दिली. त्याबरोबर कमळा नावाची धाकटी जाऊ दिली आणि तिथं सगळं नासलं.

मी लग्न होऊन रत्नागिरीला आले ती खेडहून. आमचं माहेर जगबुडी नदीच्या काठचं, म्हणून सासूबाई मला पहिल्या दिवसापासून ‘गोड्या पाण्याची’ म्हणत. मासळीतलं मला काही कळत नाही, असा त्याचा अर्थ. पण घरातलं मला आठवडाभरात कळलं. घर एक, मध्ये कुडाची भिंत, अलीकडे आमची चूल आणि पलीकडे कमळाकाकींची. भिंतीपलीकडे फोडणी पडली की सासूबाईंचं नाक वर जाई. “आज तिच्याकडं सुरमय हाय,” म्हणत आणि आमच्या तव्यावरचा बांगडा त्या क्षणी बेचव होऊन जाई. मामंजी बिचारे तोच बांगडा मिटक्या मारून खात. त्यावरही त्या चिडत.

दोघी जावा बंदरावर मासळी घेऊन गावात विकायला बसत. मासळी तीच, जागा शेजारीशेजारी, पण कमळाकाकींची पाटी आधी रिकामी होई. “दात काढून विकते ती,” असं सासूबाईंचं म्हणणं. ते खरंच होतं. कमळाकाकी हसल्या की गिऱ्हाईक घासाघीस विसरत असे. सासूबाईंकडेही कोणी घासाघीस करत नसे, पण ते भीतीनं. शिवाय काकींचे सुके बोंबील पांढरेशुभ्र निघत, आमचे जरा पिवळट. सासूबाई म्हणत, त्यांच्या वाटच्या अंगणात ऊन जास्त पडतं. सूर्यसुद्धा धाकटीला फितूर झाला होता म्हणायचा!

एकच गोष्ट कमळाकाकींना मिळण्यासारखी नव्हती. त्या धाकट्या होत्या. शिमग्यात पालखी दारात आली की पहिलं ताट सासूबाईंचं, लग्नाकार्यात पहिली ओटी सासूबाईंची. त्या वेळी त्या मागे वळून एकदा काकींकडे बघत. तेवढ्या बघण्यावर त्यांचं वर्षभर भागत असे.

आमच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी माझ्या नवऱ्याचा हात होडीच्या दोरात सापडला. जीव वाचला, पण उजव्या हाताची बोटं गेली. लवू भाटकर, बापाच्या मागे होडी सांभाळायचा तो, पडवीत बसून डाव्या हातानं जाळ्याच्या गाठी मारू लागला. गाठी सुटत. तो पुन्हा मारी. मी स्वयंपाकघरातून बघत असे आणि बघून न बघितल्यासारखं करत असे. शेवटी मामंजींनी ठरवलं की पोराला दुकान घालून द्यायचं.

त्याच सुमाराला गावाबाहेरच्या बोरीच्या सड्यावर नवा बाजार उठत होता. सडा म्हणजे नुसता जांभा दगड, गवतसुद्धा पावसाळ्यापुरतंच. तो सगळा गनीशेटच्या मालकीचा. त्याच्या वाडवडिलांची गलबतं होती, पुढे गलबतं गेली आणि सडा राहिला. त्यातला मधला भाग त्यानं बाजारासाठी दिला. चिऱ्याच्या भिंती, मंगळुरी कौलं, भाजी, मासळी, कापड, किराणा, सगळं एका छपराखाली, आणि समोर एसटी थांबणार. बाकीच्या सड्याचे गनीशेटनं चारी बाजूंनी प्लॉट पाडले. आधी सगळं गाव हसलं. सड्यावर काय माकडं येणार आहेत बाजाराला? मग छप्पर चढलं आणि हसणारेच प्लॉट मागायला गनीशेटच्या पडवीत जाऊन बसले.

मामंजी हसले नव्हते. त्यांनी पहिल्याच झटक्यात कोपरा धरला, बाजाराच्या मोठ्या दरवाजाच्या अगदी समोरचा. होडीतला थोडा वाटा विकला. सासूबाईंनी हातातल्या पाटल्या काढून दिल्या आणि त्याबद्दल कधी तोंडातून शब्द काढला नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून कोणी म्हणेल की त्या बाईला पोराची माया नव्हती. माया होती. पण मायेला जाऊ नसते, हेव्याला असते.

खुंट्या मारल्या त्या दिवशी आम्ही सगळे सड्यावर गेलो. लवूनं कोपऱ्यात उभं राहून दरवाजाकडे बघितलं. “हितं फळी लावायची, हितं तराजू,” असं तो मला दाखवत होता. किती महिन्यांनी त्याचा आवाज मोकळा झाला होता.

महिनाभरातच बातमी आली की रघूकाकांनीही, म्हणजे कमळाकाकींच्या नवऱ्यानं, प्लॉट घेतला. तोही आमच्या कोपऱ्याला लागून. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी कळलं की तो प्लॉट कोणीच घेत नव्हतं म्हणून स्वस्तात मिळाला, कारण त्याच्या बरोबर मध्ये राखणदाराचा धोंडा होता. मग मात्र दोन घास जास्त गेले.

आमच्याकडे प्रत्येक जागेला राखणदार असतो. जागेची राखण करणारा देव म्हणा, भूत म्हणा, त्याचं ठिकाण म्हणजे एखादा धोंडा नाहीतर झाड. वर्षातून एकदा त्याला नारळ आणि कोंबडा द्यायचा, गाऱ्हाणं घालायचं, की वर्षभर तो साप-किरडू, रोगराई, चोरचिलट बघून घेतो. सड्याचे प्लॉट कितीही पडले तरी राखणदार एकच राहिला. “धोंडा घेतलान मेल्यानं विकत!” असं म्हणून सासूबाई आठवडाभर हसत होत्या.

आणि एक दिवस विहिरीवर कमळाकाकी सहज म्हणाल्या, “वैनी, औंदापासून राखणीला सगळ्यांनी आमच्या पलाटात यायचं हां. नारळ आमचे हेच फोडतील.”

सासूबाईंची कळशी तशीच विहिरीच्या काठावर राहिली. मी भरून आणली.

घरी येऊन त्यांनी मामंजींसमोर बसकण मारली. “सगळ्या सड्याची माणसं तिच्या दारात उभी ऱ्हाणार. पहिला नारळ रघूभावजींचा. आणि तुम्ही थोरले, तुम्ही कुठं? मागं, तेल्या-वाण्यांच्या रांगेत! मी पदर पसरून तिच्या हातचा परसाद घ्यायचा?”

“घे की,” मामंजी म्हणाले. “खोबरं ते खोबरं.”

एवढं साधं वाक्य त्या माणसाला दोन महिने पुरलं. सासूबाईंनी दुसरं काही बोलूच दिलं नाही. त्यांचं म्हणणं असं की दोन्ही प्लॉट बाजाराच्या समोरच आहेत, पावलापावलाचा फरक. दुकान इथं घातलं काय आणि तिथं घातलं काय. मान मात्र एकाच जागी आहे. तेव्हा अदलाबदल करायची. मामंजी म्हणाले, कोपरा लवूसाठी घेतलाय. त्या म्हणाल्या, लवूसाठीच म्हणतंय मी, राखणदार दारात असला तर पोराचं दुकान कोण बुडवेल? लवूला विचारलं. तो आईकडे बघून म्हणाला, “तुला बरं वाटेल तसं कर.” मला कोणी विचारलं नाही. गोड्या पाण्याच्या माणसाला कोण विचारतो?

अदलाबदलीचं बोलायला सगळे गनीशेटच्या पडवीत जमलो. त्याची बायको सईदा हिनं आतून सरबत पाठवलं. गनीशेटनं सगळं ऐकून घेतलं आणि दाढीवरून हात फिरवला.

“हिराबाई, आधी भागोजी गुरवाला विचारा. धोंड्याचे काही नेम असतात.”

“शेटजी, आमच्या देवातलं तुम्हाला काय कळणार?” सासूबाई म्हणाल्या.

“माझ्या आजाच्या वेळेपासून त्या धोंड्याचा नारळ आमच्या घरातून जातो, बाई. भागोजीच्या हातानं जातो, पण जातो. म्हणून सांगतो.”

पण भागोजीला विचारायचं म्हणजे चार दिवस थांबायचं, आणि चार दिवसांत कमळाचं मन फिरलं तर? सासूबाईंनी ते कानावरून जाऊ दिलं. कमळाकाकींनी सरबताचा पेला संपवून खाली ठेवला. मग हसल्या. “तुम्ही थोरल्या, वैनी. तुम्हाला हवं तर घ्या.” त्यांना तेव्हा काही ठाऊक होतं का? मी पुढे पुष्कळ वर्षं त्या हसण्याचा विचार केला. अजून मला पत्ता लागलेला नाही.

बांधकामाला नारळ फोडायचा म्हणून मग भागोजी आला. वाळलेला, कानात बाळी घातलेला म्हातारा. त्यानं धोंड्याला हात जोडले, उभा राहिला आणि बोट करून सांगू लागला. धोंड्यावर सावली पडेल असं काही बांधायचं नाही. धोंड्यापासून खालच्या बावीपर्यंत, म्हणजे विहिरीपर्यंत, राखणदाराची वाट आहे, ती अडवायची नाही. त्याच्या पुढ्यात चूल नको, न्हाणी नको, देवघेवीचा तराजू तर नकोच नको.

“म्हणजे दुकान?” मामंजींनी विचारलं.

“दुकान कसलं घालतंस? घर बांध की मागं, पऱ्याकडं तोंड करून. एवढा कोपरा मोकळा हाय.”

त्याचं बोट प्लॉटच्या पार मागच्या टोकाला गेलं, पावसाळ्यात पऱ्याचं पाणी वाहतं तिकडे. पुढची सगळी जागा, बाजारासमोरची, देवाची. लवू ते बोट जिथं थांबलं तिकडे बघत राहिला. नंतर खाली बसून त्यानं चपलेचा अंगठा नीट केला. तो तुटलेला नव्हता.

मी त्या दिवशी पहिल्यांदा सासूबाईंना मनातल्या मनात शिव्या दिल्या. चांगल्या ठसठशीत, खेडच्या.

त्या मात्र हरल्यासारखं दाखवणाऱ्यांतल्या नव्हत्या. “मान मिळतोय तो काय कमी हाय?” असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. आमचं घर उभं राहिलं ते बाजाराकडे पाठ करून. कोपऱ्यावर रघूकाकांचं दुकान उभं राहिलं, खाली किराणा, वर माडी, माडीला लाकडी कठड्याची गॅलरी. आम्ही मागच्या दारातून बाहेर आलो की आधी धोंडा दिसे आणि त्याच्यावर, डोळा न उचलताही, ती गॅलरी.

पहिली राखण आली तेव्हा सासूबाईंनी नवं लुगडं नेसलं. अंगण सारवून घेतलं, धोंड्याला शेंदूर लावला, मला रांगोळी दोनदा पुसायला लावली. सड्यावरचे सगळे आले. वाणी आले, शिंपी आले, एसटीतले कंडक्टर आले, गनीशेटचा नारळ आला. भागोजीनं कोंबडा धरला आणि गाऱ्हाणं घातलं, सगळे “होय म्हाराजा” म्हणाले. पहिला नारळ जागेच्या मालकाचा. मामंजींनी तो फोडला, भागोजीनं त्यातली एक कवड, म्हणजे अर्धा नारळ, सासूबाईंच्या पदरात घातली. भरल्या अंगणात पहिला पदर त्यांचा.

त्यांनी मागे वळून बघितलं.

कमळाकाकी नव्हत्या. नेमका आठवड्याच्या बाजाराचा दिवस, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. काकींनी घरचा नारळ गड्याबरोबर पाठवला होता, आणि निरोप, की वैनीला सांग, गर्दी आवरत नाही. सासूबाई ती खोबऱ्याची कवड पदरात धरून गर्दीतली तोंडं शोधत राहिल्या. शेवटी त्यांनी गॅलरीकडे बघितलं. तिथं एक फडकं वाळत होतं. ज्याच्यासाठी पोराचा कोपरा दिला तो मान मिळाला, आणि जिनं बघायचा तिनं तो बघितलाच नाही.

“पुढल्या खेपेला दिवस बदलून घ्या भागोजीकडनं,” एवढंच त्या मामंजींना म्हणाल्या.

त्यानंतरची वर्षं आमच्या घरात सगळ्यांनी गॅलरीकडे न बघण्यात घालवली. लवूला काम हवं होतं. रघूकाकांनी त्याला दुकानात बोलावलं, तराजूवर. डाव्या हातानं तो झकास तोलत असे. रोज सकाळी माझा नवरा आमच्याच एके काळच्या कोपऱ्यावर जाऊन दुसऱ्याच्या दुकानाच्या फळ्या काढी. तो कधी कुरकुरला नाही. त्याच्या वाटची कुरकुर मी केली, भाकरी थापताना, पिठाशी.

पण आमचं अंगण! ते मात्र खरोखर अंगण होतं. सपाट जांभा, वर सावली नाही, अडसर नाही, समुद्राचा वारा थेट. त्यावर बोंबील वाळत घातले तर दोन उन्हांत चांदीसारखे होत. राखणदाराला मासळीचं वावडं नाही, असं भागोजीनं सांगितलंच होतं. त्यातच पोफळीला विजेच्या कारखान्याचं काम निघालं, डोंगरात हजारो माणसं राबायला आली आणि त्यांच्या भाकरीबरोबर सुकी मासळी हवीच. व्यापारी आमच्या दारात ट्रक लावू लागले. सासूबाईंच्या हातात नव्या पाटल्या आल्या. कमळाकाकी मात्र माडीवर अडकल्या. कोपऱ्यावर जमीन उरलीच नव्हती, सगळं दुकानाखाली गेलेलं. त्यांच्या हातचे ते पांढरेशुभ्र बोंबील वाळवायचे कुठं? आणि दुकानातला गल्ला कितीही भरला तरी तो रघूकाकांचा.

एका दुपारी दोघं नवरा-बायको आमच्याकडे आली. कमळाकाकी पाटावर बसल्या, पाणी प्यायल्या. त्या दिवशी त्या हसल्या नाहीत.

“वैनी, आपण परत बदलून घेऊया. दुकान, माडी, सगळं तसंच्या तसं तुम्ही घ्या. मला तुमचं हे घर नि अंगण द्या.”

रघूकाका म्हणाले, “वरखाली काय होईल ते आम्ही भाऊ भाऊ बघू. लवूचा हात बसलाय तराजूवर. दुकान त्याचंच होऊ दे.”

मी आतल्या दाराशी होते. दाराची चौकट मी घट्ट धरली. लवू जेवायला घरी आलेला, तो पडवीत उभा राहिला. मामंजींनी पंच्यानं तोंड पुसलं आणि ते नुसते सासूबाईंकडे बघू लागले. अगदी एका ‘हो’चं काम होतं.

“तुला कशाला हवं गो माझं अंगण?” सासूबाईंनी विचारलं.

“मी वरनं बघत असतंय,” कमळाकाकी म्हणाल्या. “सकाळपास्नं बघतंय. तुम्ही बोंबील पालथे करता, तुमचे तुम्ही विकता. मला तिथं बसून बसून हेवा वाटतो, वैनी. खोटं कशाला बोलू?”

मी सासूबाईंच्या तोंडाकडे बघत होते. चाळीस वर्षांत कोणत्याही ओटीनं, कोणत्याही पालखीनं त्यांच्या तोंडावर असा उजेड पडला नसेल. त्या जरा सरसावून बसल्या, पदर नीट केला.

“आणि राखणीचा मान?”

“तो जागेबरोबर जातो,” कमळाकाकी म्हणाल्या.

सासूबाईंनी अंगणाकडे बघितलं. मग लवूकडे बघितलं. त्याच्याकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या, एवढं मी त्यांच्या बाजूनं सांगते. तोंड उघडून मिटलंसुद्धा.

“नको,” त्या म्हणाल्या. “आहे ते बरं आहे.”

लवू पडवीतून उतरला आणि दुकानावर परत गेला. जेवण तसंच राहिलं.

पाहुणे गेल्यावर मामंजी उभ्या जन्मात पहिल्यांदा ओरडले. “अगो, पोराचं दुकान चालून आलंवतं दारात!”

“ती मागायला आली, म्हणजे काहीतरी हाय यात,” सासूबाई म्हणाल्या. “तिला दिसतंय ते तुम्हाला दिसत नाय. तिला मी काय आज वळखतंय?”

त्या दिवसापासून सासूबाई बदलल्या. भिंतीपलीकडच्या फोडण्या आता राहिल्या नव्हत्याच, पण कमळाकाकींचं नाव निघालं तरी त्यांच्या कपाळाला आठी पडेनाशी झाली. काकी आजारी पडल्या तेव्हा त्यांना पेज करून नेणाऱ्या सासूबाईच होत्या. राखणीचा दिवस बदलून घेतला होता; काकी दर वर्षी येत, मागे उभ्या राहत आणि पदरात खोबरं घेत. सासूबाई त्यांना मोठा तुकडा देत. हेवा त्यांच्या अंगातून गेला, पीडा उतरावी तसा उतरला.

पण उतरलेली पीडा कोणाच्या तरी अंगावर जातेच.

मागल्या वर्षी कमळाकाकींना सून आली, बिचारी गरीब स्वभावाची आहे. ती माडीवर केस वाळवत बसते. खाली तिच्या सासऱ्याचं दुकान चालतं, माझा नवरा डाव्या हातानं तिच्या घरच्या साखरेच्या पुड्या बांधतो, आणि ती गॅलरीत बसून केस पुढे घेते, मागे टाकते. त्या गॅलरीत मी बसायची होते. आमच्या घरात पैसा आहे, माझ्याही हातात पाटल्या आहेत, हे सगळं मला कळतं. कळून काय करायचं? ती केस मागे टाकते आणि मी माझा अंबाडा सोडून पुन्हा घट्ट बांधते.

परवा मी आणि सासूबाई धोंड्याच्या पुढ्यात बसून बोंबील पालथे करत होतो. माझा हात थांबला असावा. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग मी बघत होते तिकडे वर बघितलं आणि माझ्या मांडीवर एक चापट मारली.

“खाली बघ गो,” त्या हळूच म्हणाल्या. “तिला वाटेल, आपल्याला हेवा वाटतो.”